तिथीची वर्गणी

मागण्या करण्याचा माझा स्वभाव नाही. ३१ वर्षे नोकरी केली, पण कधी बदली मागितली नाही की खिडकीजवळचे टेबल मागितले नाही. आमटीत मीठ कमी असले तरी मी ते मागत नाही, अशी आमच्या घरात माझी ख्याती आहे. (ती ख्याती आहे की तक्रार, हे मला अजून नीट उमगलेले नाही.) अशा माणसाने वयाच्या ७१व्या वर्षी सातासमुद्रापलीकडच्या संगणकवाल्या मंडळींकडे रीतसर अर्ज केला. अर्जाचा विषय होता, ‘टपालाच्या प्रोग्रॅममध्ये बाहेरच्या कॅलेंडरची वर्गणी लावून मिळणेबाबत.’

अर्ज इंग्रजीत धाडला, पण मसुदा आधी मराठीत केला होता. नोकरीतली सवय, कच्चा मसुदा झाल्याशिवाय हात पक्क्या कागदाला लागत नाही. तो कागद टेबलावर राहिला आणि आमच्या सौ.च्या दृष्टीस पडला.

‘कसली हो वर्गणी?’ तिने विचारले. २०२३चे गणपती नुकतेच होऊन गेले होते आणि वर्गणी हा शब्द ऐकला की तिचा हात आपोआप पर्सच्या चेनवर जात होता.

‘कॅलेंडरची.’

‘स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, देवघरापाशी एक आहे, बँकेने दिलेले गुंडाळीसकट कपाटावर पडले आहे. आणखी पैसे मोजून कसले घेताय?’

पैसे मोजायचे नव्हते, हे मी तिला समजावले. दुसऱ्या कोणी आपल्या कॅलेंडरात लिहायचे आणि ते माझ्या कॅलेंडरात आपोआप दिसायचे, एवढेच माझे मागणे होते.

‘म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावायचे,’ ती म्हणाली, ‘आणि तेही अर्ज करून!’

यावर मी गप्प बसलो. ही मागणी माझ्या मनात का आली ते सांगायचे, तर त्या श्रावणात मी केलेला घोटाळा सांगावा लागला असता. ती तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला गेली होती, आणि घोटाळा तिच्या कानावर गेलेला नव्हता.

घोटाळा सांगायचा, तर सुरुवात दादाच्या पोस्टकार्डापासून करायला हवी.

आम्ही तीन भावंडे. दादा नागपुरास, ताई इंदुरास आणि मी पुण्यात. आई १९७९ साली गेली, श्रावण शुद्ध नवमीला. वडील त्याआधीच गेले होते. आईमागे घराचे पंचांग दादाकडे आले. तसे कोणी ठरवले नव्हते; थोरल्याकडे देव जातात तसे तेही गेले. दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी आठ-दहा दिवस त्याचे कार्ड यायचे. दादा गणिताचा मास्तर. अक्षर मुंगीएवढे, पण मुंग्या रांगेत चालाव्यात तसे. डावीकडे तांबड्या शाईने तिथी, उजवीकडे निळ्या शाईने तारीख आणि वार. आईची तिथी, वडिलांची, आजीची, आजोबांची, काकांची, कुलदेवतेचा उत्सव, असे करीत अकरा ओळी. खाली ‘प्रकृतीस जपणे.’ उत्तराची अपेक्षा नसे. ते कार्ड आम्ही कालनिर्णयाच्याच खिळ्याला, त्याच्या मागे अडकवून ठेवायचो.

आता कोणी म्हणेल, कालनिर्णय १९७३ पासून निघते आहे, त्यात रोजची तिथी छापलेली असते, मग या कार्डाचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, छापलेल्या सगळ्या तिथींतून आपली कोणती हे घरच्या माणसालाच ठाऊक असते. शिवाय तिथी ही काही तारखेसारखी मध्यरात्री शिस्तीत सुरू होत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी सरते. चंद्राची चाल कमी-अधिक, त्यामुळे कधी तिथी १९-२० तासांतच आटोपते, तर कधी २६ तासांपर्यंत रेंगाळते. एकच तिथी दोन दिवसांत विभागली गेली, तर श्राद्धाला दुपारनंतरचा अपराह्णकाळ बघायचा आणि लक्ष्मीपूजनाला संध्याकाळचा प्रदोषकाळ. दादा हे सगळे बघायचा. आम्ही फक्त कार्ड बघायचो.

एकदा, १९८५च्या सुमारास, पाडवा होऊन गेल्यावर त्याचे दुसरे कार्ड आले. ‘आधीच्या कार्डातील सातव्या ओळीत चूक झाली आहे. ती खोडून खालीलप्रमाणे वाचणे.’ एका ओळीसाठी त्याने एक कार्ड ताईला आणि एक मला असा खर्च केला होता. त्या काळी मला त्याचे हसू आले. आज वाटते, अकरा ओळी सांगणे सोपे असते. चुकलेली सातवी ओळ मागाहून कळवणारा माणूस दुर्मीळ.

कार्डांचा हा रिवाज २०२०मध्ये मोडला. त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे देशभरच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. दादाचे कार्ड वाटेत कुठे अडकले कोण जाणे, ते आलेच नाही. पुढची दोन वर्षे यादीचा फोटो फोनवर आला. २०२३मध्ये दादाच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले आणि यादीचे काम पुतण्याने अंगावर घेतले. हा दादाचा मुलगा बंगळुरास संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने कागद-पेन काही घेतले नाही. इंटरनेटवर एक कॅलेंडर उघडले, त्यात अकरा नोंदी केल्या आणि त्या कॅलेंडरचा पत्ता सगळ्या घराला पाठवून दिला.

मी फोनवर वाचायला नाखूश असतो. माझा सगळा व्यवहार टेबलावरच्या संगणकावर, मोठ्या अक्षरात. त्यात टपालाचा एक प्रोग्रॅम आहे. त्याचे नाव सांगत नाही, बिचाऱ्याचा गुन्हा तेवढा मोठा नाही. पत्रे त्यातच येतात, आणि बाजूला एक कॅलेंडरही असते. मी पुतण्याच्या पत्त्यावर गेलो, एक फाइल उतरवून घेतली आणि ‘इम्पोर्ट’ असे लिहिलेली कळ दाबली. अकरा नोंदी माझ्या कॅलेंडरात येऊन बसल्या. मी खूष झालो. त्या दिवशी मी सौ.ला, ‘कार्डांचे युग संपले,’ असेही बोललो होतो. माणसाने असली वाक्ये बोलू नयेत.

त्या वर्षी श्रावण दोन होते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडे. तो फरक साचत साचत साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून मिटवतात. २०२३मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण होता, आणि त्यानंतर निज श्रावण. याआधीचा अधिक श्रावण २००४ सालचा, म्हणजे १९ वर्षांपूर्वीचा. तेव्हा पुतण्या शाळेत होता. त्याला ‘श्रावण शुद्ध नवमी’ जिथे प्रथम दिसली ती त्याने उचलली. ती अधिक श्रावणातली होती. आमच्याकडे वार्षिक तिथी निज महिन्यात धरतात.

आमच्याकडे आईच्या तिथीला होम-पिंड काही नसते. तिच्या फोटोला हार घालायचा, तिला आवडायची म्हणून गव्हल्यांची खीर करायची, एखाद्या विद्यार्थ्याला जेवायला बोलवायचे आणि तिघा भावंडांनी एकमेकांशी फोनवर बोलायचे. भटजी बोलावले असते तर त्यांनीच सांगितले असते. सौ. घरी असती तर तिने सांगितले असते. अधिक महिना हा जावयाला अनारशांचे वाण देण्याचा, तो बायकांच्या नजरेतून सुटत नाही. पण ती मे महिन्यात गेली होती आणि स्वयंपाकघरातले कालनिर्णय मे महिन्यावरच थांबले होते. पान उलटण्याचे काम आपले असते, हे मला त्या घरात चाळीस वर्षे राहूनही माहीत नव्हते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी संगणकाने घंटी वाजवली आणि पडद्यावर अक्षरे आली: ‘आईची तिथी’. मी खीर केली. पहिले दूध लागले, दुसरे लावले. गव्हले डब्यात होते, ते सापडायला अर्धा तास गेला. समोरच्या वसतिगृहातला एक मुलगा जेवायला आला. त्याने दोनदा खीर मागून घेतली, ती आवडली म्हणून की माझ्या तोंडाकडे बघून, देव जाणे. मग मी दादाला फोन केला.

‘दादा, आज आईची तिथी. खीर केली आहे.’

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग दादा म्हणाला, ‘तू केलीस? एकट्याने?’

‘हो.’

‘लागली नाही ना खाली?’

‘पहिली लागली.’

‘मंद आचेवर ठेवावी लागते,’ दादा म्हणाला. ‘छान केलंस.’ आणि डोळ्याच्या ऑपरेशनविषयी, उकाड्याविषयी बोलून त्याने फोन ठेवला. ताईचा फोन लागला नाही. मी काही मनावर घेतले नाही.

२५ ऑगस्टला, शुक्रवारी, मी एका जुन्या स्नेह्याकडे साताऱ्यास निघालो होतो. वाटेत गाडी थांबली तेव्हा मिसळ मागवली. वर कच्चा कांदा भरपूर. अर्धी ताटली संपली होती. तेवढ्यात फोन वाजला. दादा होता, ताई होती, पुतण्या होता, सगळे एकाच वेळी बोलत होते आणि मागून कोणाच्या तरी घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

‘अरे, आहेस कुठे?’ ताई म्हणाली. ‘आज आईची नवमी ना!’

मी हातातल्या पावाकडे बघत राहिलो.

‘आणि जुलैत झाली ती?’ मी विचारले.

‘तो अधिक होता रे,’ दादा म्हणाला. ‘आईला यंदा दोनदा खीर. तिला चालली असती.’

सगळे हसले. मीही हसलो. पण साताऱ्याहून परत येईपर्यंत ती मिसळ माझ्या घशाखाली उतरली नव्हती. दादाला जुलैतच कळले होते. धाकटा भाऊ एकटा आहे, त्याने दुधाचे पातेले जाळून खीर केली आहे, त्याला आज कशाला सांगा, म्हणून तो गप्प राहिला होता. महिनाभर आधी कळवावे हे त्याला सुचले नसेल असे मात्र नाही. त्याची समजूत अशी की, त्याने ते मला कळवलेच होते.

कसे, ते पुतण्याने रात्री फोनवर सांगितले. दादाला नवा चष्मा मिळाल्यावर, म्हणजे जूनमध्येच, त्याने यादी वाचून घेतली, चूक पकडली आणि मुलाला तारीख बदलायला लावली. मुलाने तत्क्षणी बदलली. इंदुरास ताईच्या नातवाच्या फोनवर ती बदलली, आणखी चार घरी बदलली. जुलैत माझा फोन गेल्यावर दादाने मुलाला छेडले, तर मुलगा म्हणाला, ‘काकांकडेही आपोआप दुरुस्त होईल.’ ते काही झाले नाही.

‘काका, तुम्ही इम्पोर्ट केलंत,’ तो म्हणाला. ‘सबस्क्राइब करायला हवं होतं.’

‘त्यात फरक काय?’

तो विचारात पडला. संगणकाची माणसे सोपा प्रश्न आला की विचारात पडतात. मग म्हणाला, ‘काका, तुमच्याकडे साप्ताहिक येतं ना? एखादा अंक कोणाकडून तरी मागून आणणं वेगळं आणि वर्गणीदार होणं वेगळं. तुम्ही एक अंक मागून आणलात. पुढच्या अंकात चूकभूल छापली, ती तुमच्याकडे कशी येणार?’

त्याक्षणी मला ते १९८५चे दुसरे कार्ड आठवले. ‘ती खोडून खालीलप्रमाणे वाचणे.’ दादाचे आम्ही वर्गणीदार होतो, आणि मला ते ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी कुतूहल म्हणून ती उतरवून घेतलेली फाइल मी साध्या अक्षरांच्या खिडकीत उघडून पाहिली. मला वाटले होते, आत संगणकाची काहीतरी अगम्य भाषा असेल. तसे काही नव्हते. कोणीही वाचावा असा तो एक साधा तक्ता होता. वर ‘बिगिन : व्हीकॅलेंडर’, खाली ‘एंड’, आणि मध्ये प्रत्येक नोंदीसाठी पाच-सात ओळी. प्रत्येक नोंदीला एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो. त्याचा उपयोग असा की, मूळ ठिकाणी तारीख बदलली तर वर्गणीदाराच्या संगणकाला ‘ही नवी नोंद नव्हे, तीच जुनी, दुरुस्त झालेली’ हे कळावे. दादाने लिहिले होते ‘सातवी ओळ’, तसेच हे. ही लिहिण्याची रीत १९९८मध्ये सर्वांसाठी ठरली आणि २००९मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. त्यामुळे एका कंपनीच्या कॅलेंडरात लिहिलेले दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरला वाचता येते. त्या इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या रांगेत मध्येच देवनागरीत ‘आईची तिथी’ असे होते. आठ आकडी तारखेशेजारी ते शब्द फार एकटे दिसत होते.

मग मी माझ्या टपालाच्या प्रोग्रॅममध्ये वर्गणी लावायची जागा शोधू लागलो. सगळे खण उघडले. पत्रांना रंग देता येत होते, सहीखाली गुलाबाचे फूल लावता येत होते, पण दुसऱ्याच्या कॅलेंडरचा पत्ता लिहायला जागा नव्हती. तेव्हा तो अर्ज केला. ‘मी आपल्या प्रोग्रॅमचा जुना वापरकर्ता असून नम्रपणे निवेदन करतो की,’ अशी सुरुवात होती. आठवड्याने उत्तर आले. आपली सूचना मिळाली. अशाच सूचना याआधीही पुष्कळांकडून आल्या आहेत. बाब विचाराधीन आहे. ‘विचाराधीन’ या शब्दाचा अर्थ मला कोणी सांगायला नको. तो शब्द मी स्वतः ३१ वर्षे लोकांना लिहीत आलो होतो. पलीकडून तो अंगावर आला की कसा लागतो, हे निवृत्तीनंतर कळले.

पण ‘पुष्कळांकडून’ या शब्दाने धीर आला. मागणारे मी एकटा नव्हतो. कोणाला मुलांच्या शाळेच्या सुट्या टपालाशेजारीच दिसायला हव्या असतात, कोणाला फुटबॉलचे सामने, जे पुढे ढकलले जातात. जर्मनीत कित्येक गावांत कचरा कोणत्या दिवशी उचलणार याचे कॅलेंडर अशा वर्गणीने मिळते. आधी मला त्याचे हसू आले. मग आमच्या सोसायटीतला कचऱ्याचा डबा आठवला आणि हसू ओसरले.

प्रोग्रॅमवाल्यांचेही अगदीच चूक नाही, हे सांगितले पाहिजे. वर्गणी लावली म्हणजे कोणाच्या तरी पत्त्यावर आपला संगणक दर थोड्या वेळाने जाऊन ‘काही नवे आहे का?’ विचारणार. तिथे बसलेला माणूस भला नसला तर? फसव्या कॅलेंडरांची वर्गणी नकळत लागून लोकांच्या फोनवर रोज ‘तुमच्या फोनला विषाणू लागला आहे’ अशा धमक्या येऊ लागल्याचे प्रकार झालेले आहेत. सौ.चे डोकावण्याविषयीचे म्हणणे इथे उलट बाजूने खरे ठरते. दाराची कडी एकदा काढली की कोण आत येते ते बघावे लागते.

तरीसुद्धा आमच्यासारख्यांना याची गरज इतरांहून जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे. इंग्रजी तारखांवर जगणाऱ्याला वर्गणी नसली तरी चालते. वाढदिवस एकदा लिहिला की झाले. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ असे सांगितले तर संगणक पुढचे शंभर वर्षांचे शनिवार मोजून ठेवतो. पण त्याला ‘दरवर्षी श्रावण शुद्ध नवमी’ असे सांगायची सोय त्या मूळ रीतीत नाही. २०१५मध्ये तिला एक पुरवणी जोडली, तीत चिनी, हिब्रू अशा इतर कालगणनांची व्यवस्था केलेली आहे. पण माझ्या पडद्यावर आईच्या तिथीपुढे ‘दरवर्षी’ लिहायची सोय मला कुठे दिसली नाही. आईची नवमी २०२२मध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होती, २०२३मध्ये २५ ऑगस्टला, २०२४मध्ये ऑगस्टच्या मध्यावर. दरवर्षी कोणीतरी पंचांग घेऊन बसायलाच हवे. आणि जो बसेल त्याचे वर्गणीदार व्हायला हवे.

अर्ज विचाराधीन राहिला. दिवाळीत पुतण्या पुण्यास आला, त्याने माझ्या संगणकावर थंडरबर्ड नावाचा दुसरा टपालाचा प्रोग्रॅम चढवून दिला. हा फुकट मिळतो. २००४ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा त्यात कॅलेंडरच नव्हते. ज्याला हवे तो वेगळे आणून जोडायचा. २०१५ पासून ते प्रोग्रॅमबरोबरच मिळू लागले. नवे कॅलेंडर म्हणायचे, ते आपल्या संगणकावर नसून बाहेर आहे असे सांगायचे, पत्ता चिकटवायचा. झाले. पुतण्याने बजावले, ‘हा पत्ता कोणाला देऊ नका काका. ज्याच्याकडे पत्ता, त्याला सगळं दिसतं.’ मी तो पत्ता चिठ्ठीवर उतरवून तिजोरीत ठेवला. नाहीतरी त्यातली ती साठ-सत्तर अक्षरांची खिचडी पाठ कोण करणार होते.

चटक वाईट. पाठोपाठ मी लेकीच्या कॅलेंडरचीही वर्गणी लावली. तिने दिली, पण आत काय चालले आहे ते झाकून. मला नुसते ‘व्यस्त’ असे लिहिलेले जांभळे चौकोन दिसतात. दोन चौकोनांच्या मधली पांढरी जागा पाहून फोन करायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विलायतेत घड्याळे एक तास मागे जातात आणि साडेचार तासांचे अंतर साडेपाच तासांचे होते. पूर्वी त्या आठवड्यात माझा फोन हटकून अवेळी जायचा. आता चौकोन आपले आपण सरकतात. सौ.ला हा प्रकार आधी पसंत नव्हता. परवा मात्र ती पोळ्या लाटता लाटता आतून म्हणाली, ‘बघा हो, पांढरं आहे का आत्ता?’

२०२४च्या दिवाळीत आणखी एक गंमत झाली. त्या वर्षी अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी लागून १ नोव्हेंबरला संध्याकाळी संपत होती. पुष्कळ ठिकाणी लक्ष्मीपूजन ३१ला झाले, महाराष्ट्रात १ नोव्हेंबरला. मी कुठल्याशा तयार सुट्यांच्या कॅलेंडरची वर्गणी लावून ठेवली होती, त्यात ३१ तारीख. पुतण्याच्या कॅलेंडरात १. माझ्या पडद्यावर दोन रंगांत दोन लक्ष्मीपूजने. मी सौ.ला बोलावून दाखवले. तिने पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

‘दादा काय म्हणतात?’ तिने विचारले.

दादा १ तारीख म्हणत होता.

दादा २०२५च्या आषाढात गेला, वद्य तृतीयेला. दुखणे चार दिवसांचेच. मी पोचलो तेव्हा त्याच्या टेबलावर नवा-जुना असे दोन चष्मे आणि तांबड्या शाईची दौत होती. दौत वाळून गेली होती, पण त्याने टाकली नव्हती.

शके १९४८ लागण्याच्या आधी पुतण्याचा फोन आला. बाबांच्या वह्या त्याच्याकडे होत्या, पण अक्षर लागत नव्हते. ‘काका, पुढच्या वर्षीची यादी तुम्ही कराल का? मी फक्त चढवीन.’

मी पंचांग विकत आणले. आयुष्यात पहिल्यांदा ते नुसते चाळण्यासाठी उघडले नव्हते. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. त्या शकात ज्येष्ठ अधिक होता, १७ मे ते १५ जून. वडिलांची तिथी ज्येष्ठातली. ती मी निज ज्येष्ठात धरली, आणि धरली आहे ना हे पाच वेळा पाहिले. एक नोंद दोन दिवसांत विभागलेली होती, तिच्यापाशी मी बराच वेळ अडकून पडलो. अपराह्ण कुठून कुठवर मोजायचा, हे विचारायला फोनकडे हात गेला आणि मागे आला. शेवटी आमच्या गल्लीतल्या गुरुजींना विचारून आलो. डावीकडे तिथी, उजवीकडे तारीख आणि वार, अशी अकरा ओळींची यादी केली आणि रात्री पुतण्याला ई-मेलने पाठवून दिली. खाली ‘प्रकृतीस जपणे’ असे लिहिले. दुसरे काय लिहायचे ते सुचले नाही.

माझा संगणक दर अर्ध्या तासाने त्या पत्त्यावर जाऊन येतो. झोपण्यापूर्वी सहज पाहिले, तर माझीच यादी बंगळुरास जाऊन माझ्याच पडद्यावर परत आली होती. एकेक महिना पुढे सरकवत मी नोंदी मोजल्या. पाठवल्या होत्या अकरा. आल्या होत्या बारा. बारावी ऑगस्टच्या आरंभी होती आणि तिच्यापुढे एकच शब्द होता, ‘बाबा’.

ती मी लिहिली नव्हती. तीन संध्याकाळी पंचांग घेऊन बसलो, पण आषाढाच्या पानावर आलो की पान उलटत होतो. पुतण्याने ती स्वतः काढली होती. आदल्या वर्षीचा जुलै धरून बारा महिने मोजले असते, तर तो जुलैच्या आरंभीच येऊन थांबला असता. मधला अधिक महिना त्याने धरला होता. दादाचे वर्ष तेरा महिन्यांचे होत होते.

मी दिवा लावला, पंचांग पुन्हा काढले आणि चष्मा लावून ताडून पाहिले. तारीख बरोबर होती.